कुठल्या देवाला केस दिले?

मुलीचे केस एप्रिलमध्ये गळायला लागले. फेब्रुवारीत तिला टायफॉइड झाला, मार्चमध्ये तो उलटला, आणि ताप एकदाचा उतरून ती उठून बसायला लागली तेव्हा उशीवर, फणीत, न्हाणीच्या जाळीवर केसच केस. डॉक्टर म्हणाले, मोठ्या तापानंतर असं होतंच, परत येतील. ते खरंच होतं. पण रोज सकाळी ती उशीवरचे केस वेचून मुठीत धरायची आणि मला दाखवायला आणायची. आठ वर्षांच्या मुलीने दिवसाची सुरुवात अशी करावी हे मला पटेना. मे महिन्यात मी न्हाव्याला घरी बोलावलं आणि तिचं डोकं साफ करून घेतलं. रोज थोडं थोडं जाण्यापेक्षा एकदाच गेलेलं बरं.

साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आला. "पोरीच्या जातीचं डोकं असं भादरतात का गं? निदान पुढची एक बट तरी ठेवायचीस." मी म्हटलं, एका बटेनं ती आणखी विचित्र दिसली असती.

आम्ही तेव्हा चेन्नईत, अंबत्तूरला राहत होतो. नवरा जवळच्या आवडी या उपनगरातल्या संरक्षण कारखान्यात होता, त्याच्या पाळ्या बदलत राहायच्या. मी बँकेत, जॉर्ज टाउनच्या शाखेत. तिसरीत असलेली मुलगी घराजवळच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जायची. वर्गात सगळी तिथलीच मुलं, मराठी बोलणारी ही एकटी. तमिळ ती माझ्यापेक्षा चांगली बोलायची, खरं तर मराठीपेक्षाही चांगली.

आजारपणात तिची वार्षिक परीक्षा बुडाली. शाळेच्या हेडमिस्ट्रेस बाई शिस्तीच्या होत्या, पण वाईट नव्हत्या. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं की मुलीला चौथीत बसू देऊ, पण शाळा उघडल्यापासून तिने नियमित यायला हवं, आणि दुसऱ्या आठवड्यात आम्ही एक छोटी परीक्षा घेऊ. ती आली नाही किंवा तिला जमलं नाही, तर पुन्हा तिसरी. मी म्हटलं, येईल. बाहेर आल्यावर पायऱ्यांवर मुलीने विचारलं की तिची मैत्रीण कुठल्या वर्गात असेल. शेजारी बसणारी तिची एकच मैत्रीण होती. मी म्हटलं, चौथीत. त्या दिवसापासून घरात 'चौथी' हा शब्द कुणी उच्चारला की ती पाणी प्यायला उठायची.

माझी रजा आजारपणात संपली होती. साधी, अर्जित, वैद्यकीय, सगळी. उरली होती ती सकाळी तासभर उशिरा येण्याची 'परमिशन', आणि तीही मॅनेजरच्या मूडवर. म्हणजे तिला शाळेत बसवण्याचं काम मला घरूनच, आधीच, नीट आखून करायला हवं होतं. मला आखायला येतं. तेवढं एक येतं.

मेच्या मध्यापासून मी तिला शाळेच्या वेळेला उठवायला लागले. आधी नुसतं उठायचं, मग उठून दात घासायचे, मग युनिफॉर्म घालून नाश्ता करायचा. युनिफॉर्म कमरेला ढगळ झाला होता, तो आत घेतला. एका शनिवारी बँकेतून अर्ध्या दिवसाने परत आल्यावर तिला घेऊन बंद शाळेत गेले. वॉचमनने चौथीचा वर्ग उघडून दिला. बाकं भिंतीला लावून ठेवलेली होती, फळ्यावर कुणीतरी मार्चमध्ये लिहिलेलं तसंच होतं. ती एका बाकावर बसली, दुसऱ्यावर बसली, खिडकीशी जाऊन आली. घरी येताना म्हणाली, पंखा फिरताना आवाज करतो. मी मनात म्हटलं, छान, भीती आता पंख्याइतकी लहान झाली.

मुख्य प्रश्न डोक्याचा होता. मला शंकाच नव्हती की मुलं चिडवणार. आमच्या गावी मुलीचं डोकं भादरलेलं दिसलं असतं तर रस्त्यावरची माणसंसुद्धा थांबून बघत राहिली असती. तेव्हा चिडवण्याची तयारी. नवऱ्याने चिडवणाऱ्या मुलाचं काम करायचं ठरलं. तो पाळीवरून आला, चहा घेतला, आणि दारात उभा राहून म्हणाला, "ए टकले!"

"बाबा," मुलगी म्हणाली, "शाळेत मराठी कुणाला येतं?"

मग उत्तरं तमिळमध्ये तयार करायचं काम माझ्याकडे आलं. माझं तमिळ बँकेच्या काउंटरवर घडलेलं. इथे सही करा, उद्या या, साहेब जेवायला गेलेत. त्यातून मी एक वाक्य जुळवलं, ते ऐकून मुलगी आजारपणानंतर पहिल्यांदा पोट धरून हसली. तिच्या मते मी चिडवणाऱ्या मुलाला 'कृपया आपली गैरसोय आपल्याजवळच ठेवावी' अशा थाटात काहीतरी म्हणत होते. शेवटी असं ठरलं की काही बोलायचं नाही, सरळ मिसकडे जायचं. डोक्याला पांढरा रुमाल बांधायची परवानगी मी हेडमिस्ट्रेस बाईंकडून आधीच घेऊन ठेवली.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी बातम्यांत सांगितलं की उन्हाळा कडक असल्यामुळे शाळा आठवडाभर उशिरा उघडतील. मेमधली ती आग, तिकडे तिला अग्नी नक्षत्र म्हणतात, ती संपून गेली होती, पण ऊन काही हटत नव्हतं. शेजारच्या मुलांनी गल्लीत आरोळ्या ठोकल्या. आमच्याकडे युनिफॉर्म इस्त्री करून खुर्चीवर, पाण्याची बाटली भरलेली, मुलगी कशीबशी तयार. आता तीच तयारी आठवडाभर टिकवायची होती. ती टिकली नाही. तिसऱ्या दिवसापासून सकाळी पोट दुखायला लागलं. मी थर्मामीटर लावायचे, ताप नसायचा. आजारपणाच्या महिन्यांत मी इतक्या वेळा तो पारा बघितला होता की आता तो खाली असला तरी हात सैल होत नसे. नवरा म्हणाला, तू जरा बस. मी म्हटलं, बसले तर उठणार नाही.

अखेर शाळा उघडली. त्या सोमवारी मी परमिशन घेऊन स्वतः सोडायला गेले. फाटकापाशी मुलीने माझा हात घट्ट धरला, रुमाल पुढे ओढला, आणि मी समोर बघितलं.

पटांगणात टकलांचं पीक आलं होतं. मुलगे तर होतेच, मुलीही होत्या. काहींच्या डोक्यावर चंदनाचा पिवळा लेप वाळलेला, काहींचे खुंट उगवलेले, एका पहिलीतल्या मुलीचं डोकं इतकं ताजं की उन्हात चमकत होतं. सुट्टीत लोक नवस फेडायला गेले होते. तिरुपती, पळनी, आपापल्या कुळाचं देऊळ. केस देऊन आले होते. त्याला तिकडे मोट्टै म्हणतात, आणि ते मूल असो की आजी, कुणी मान वळवूनही बघत नाही. इतकी वर्षं मी त्या गावात राहत होते, गाडीत रोज एखादं तरी मोट्टै डोकं समोर बसलेलं असायचं, आणि माझ्या एवढ्या आखणीत ते कुठेही आलं नव्हतं.

मुलीने रुमाल काढून माझ्या हातात दिला आणि आत गेली. मी बीच स्टेशनकडे जाणारी लोकल गाडी पकडली, बसायला जागा मिळाली, आणि मेपासून पहिल्यांदा मला डोळे मिटावेसे वाटले.

मंगळवारी ती नवऱ्याच्या मोपेडवरून गेली. बुधवारी सकाळी तिने नाश्ता केला, युनिफॉर्म घातला, आणि बूट घालताना ओकली. ताप नव्हता. नवऱ्याची दुपारची पाळी होती म्हणून तो सकाळभर घरी थांबू शकत होता, मी गेले. दिवसभर काउंटरवर नोटा मोजताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. पहिला आठवडा. शाळा उघडल्यापासून नियमित यायचं, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं.

संध्याकाळी घरी आले तेव्हा ती खालच्या मजल्यावर, घरमालकीण मामींकडे होती, आणि ठणठणीत होती. मामी साठीच्या, एकट्या राहायच्या, नवरा पाळीवर गेला की मुलीला सांभाळायच्या, आणि त्याबद्दल मला काही म्हणू द्यायच्या नाहीत. मी तिला वर आणलं. रोज संध्याकाळी मी तिच्या डोक्याला तेल लावायचे, तसं लावायला बसले. पाठमोरी असली की ती बोलते. मी काही विचारलं नाही. बराच वेळ तेल चोळल्यावर ती म्हणाली, "आई, तिरुपतीचा लाडू इथे मिळतो का?"

"का गं?"

"असंच."

मी तेल लावत राहिले.

हळूहळू बाहेर आलं ते असं. सोमवारी कुणी तिला चिडवलं नाही. फक्त विचारलं, कुठल्या देवाला केस दिले? तिथे मोट्टै दिसलं की हा साधा प्रश्न, आमच्याकडे 'सुट्टीत कुठे गेला होतात' विचारतात तसा. या प्रश्नाला काय म्हणायचं हे आम्ही कुणी तिला शिकवलं नव्हतं. शेजारच्या बाकावरची मुलगी तिरुपती म्हणाली होती, म्हणून हीसुद्धा तिरुपती म्हणाली. झालं, प्रश्न मिटला. पण तिरुपतीहून येणारा माणूस लाडू आणतो, आणि तो वाटतो. त्या मुलीने डब्यातून आणला, वर्गभर चिमूट चिमूट दिला, मिसनेही हात पुढे करून घेतला आणि डोळ्यांना लावून खाल्ला. मग हिच्याकडे सगळे वळले. ही म्हणाली, उद्या आणते. मंगळवारी म्हणाली, लाडू काकांकडे राहिला. बुधवारी सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"मग खरं का नाही सांगितलंस? ताप आला होता म्हणून केस काढले. त्यात काय आहे?"

ती म्हणाली, गेल्या वर्षी वर्गातल्या एका मुलाला कावीळ झाली होती. तो परत आला तेव्हा सगळे बाकावर त्याच्यापासून लांब सरकून बसले. त्याची पाण्याची बाटली वेगळी ठेवायला लावली. पूर्ण महिना तो डबा एकटा खायचा.

"तुला कुणी सांगितलं सरकायला?"

"कुणी नाही. सगळे सरकले." मग म्हणाली, "मीपण सरकले, आई."

मी तेलाची वाटी उचलून ठेवली.

नवरा पाळीवरून आल्यावर त्याला सांगितलं. त्याचा उपाय तयार होता. मिठाईच्या दुकानातून बुंदीचे लाडू आणायचे, चुरा करून डब्यात द्यायचे, प्रश्न खलास. मी म्हटलं, मग आपणच रविवारी तिरुपतीला जाऊन खरे का आणू नयेत, पहाटेची गाडी आहे. तो म्हणाला, "म्हणजे तिकीट काढून खोटं बोलायचं. त्यापेक्षा दुकानाचं स्वस्त." आणि तसंही रविवारपर्यंत थांबायला वेळ नव्हता, गुरुवार आणि शुक्रवार मध्ये होते.

गुरुवारी पहाटे नळाचं पाणी भरायला खाली गेले तेव्हा मामी दारात रांगोळी घालत होत्या. मी त्यांना बुंदीच्या लाडवाबद्दल सहज विचारलं. नवऱ्याचा बेत मला आवडला नव्हता, पण दुसरा बेत नव्हता. मामींनी रांगोळी घालणं थांबवलं नाही. त्या म्हणाल्या की त्या लाडवात खाण्याचा कापूर असतो, डबा उघडला की वर्गातल्या शेवटच्या बाकाला कळेल की हा तो नाही. "वरणात गूळ घालणारी माणसं तुम्ही," त्या म्हणाल्या, "तुम्हाला वास येणार नाही. पोरांना येईल."

मग मी त्यांना सगळंच सांगितलं. कावीळवाल्या मुलासकट. त्यांनी शेवटचा ठिपका दिला आणि कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या.

"ताप आला. पोर वाचली. केस गेले," त्या म्हणाल्या. "लोक मोट्टै काय हौसेनं करतात?"

त्या आत गेल्या. मी भरलेली बादली घेऊन जिना चढले आणि मधल्या वळणावर थांबले. पटांगणातली ती सगळी डोकी हौसेची नव्हती. प्रत्येकामागे कुणाचा तरी ताप असणार, ऑपरेशन असणार, बाळंतपण असणार. आजाराला लाजायचं कारण त्या मुलांकडे नव्हतं, कारण त्यांनी आजार डोक्यावरच मिरवला होता. निदान नसावं. मला खात्री नव्हती. काविळीच्या मुलाला काही मोट्टै नव्हतं.

मुलगी उठून बसली होती. मी तिला सांगितलं की आज शाळेत जायचं आहे आणि लाडू नाही. ती रडली नाही. तिने विचारलं, "मग काय सांगू?"

"जे आहे ते."

"तापाचं?"

"तापाचं. आणि तिरुपतीला अजून गेलो नाही म्हणून."

"सरकले तर?"

न सरकण्याची हमी मी देऊ शकत नव्हते, आणि खोटी हमी तिला लगेच ओळखू येते. मी म्हटलं, "सरकले तर संध्याकाळी मला सांग कोण सरकलं. मग बघू."

तिने बूट मागितले.

मला परमिशन नव्हती. नवरा रात्री उशिरा आलेला, तसाच उठला आणि मोपेड काढली. मी त्या दिवशी ऑफिसला पोचले, दिवसभर तीन वेळा फोनपाशी गेले आणि तीन वेळा परत आले. शाळेला फोन करून काय विचारणार होते? मुलं सरकली का? संध्याकाळची गाडी पेरम्बूरला बराच वेळ उभी राहिली. पंख्याखाली उभी राहून मी पुढच्या शक्यता मनात मांडत होते. पुन्हा तिसरी, दुसरी शाळा, साताऱ्याला सासूबाईंकडे वर्षभर. प्रत्येकीचा खर्च आणि त्रास मला माहीत होता, आणि प्रत्येकीसाठी लागणारी ताकद माझ्यात नव्हती.

ती मामींच्या पायरीवर बसून दही-भात खात होती. माझ्याकडे बघून घास गिळला आणि एकदम म्हणाली, "एकच जण सरकली."

कोण, ते नाव तिने सांगितलं, ते इथे महत्त्वाचं नाही. तीही डब्याच्या सुट्टीपर्यंतच. बाकीच्यांनी काय केलं? बाकीचे तापावर तुटून पडले. किती दिवस होता, किती डिग्री, सलाईन लावलं का, सुई कुठे टोचली. शेजारची तिरुपतीवाली मुलगी म्हणाली की तिचं मोट्टै आजोबांच्या ऑपरेशनसाठी, म्हणजे आजारी ती नव्हतीच. एका मुलाचं डेंग्यूसाठी, तो तर म्हणाला माझा ताप तुझ्यापेक्षा मोठा होता. त्यावर भांडण झालं. मिसने गप्प केलं. आणि मग मागच्या बाकावरच्या एकाने मूळ मुद्दा काढला की तिरुपतीला न जाताच घरी केस काढले तर ते चालतात का.

"मग?"

"काही म्हणाले चालतात, काही म्हणाले नाही चालत. मी म्हटलं, केस आधी दिले, आम्ही नंतर जाणार." मग म्हणाली, "आई, जायला लागेल हं. मी सांगितलंय."

मी म्हटलं, बघू. मग तिचं तोंड बघून म्हटलं, जाऊ. नवऱ्याला हे मी सावकाश सांगायचं ठरवलं.

मामी दाराच्या आतून म्हणाल्या की आता लाडवाचं वचन चाळीस पोरांना देऊ नकोस म्हणावं, तिथे माणशी मोजून लाडू मिळतात.

दुसऱ्या आठवड्यातल्या परीक्षेसाठी आम्ही रोज संध्याकाळी बसलो. मी भाजी चिरत पाढे विचारायचे, नवरा पाळीनुसार विज्ञान किंवा काहीच नाही. ती भागाकारात अडकायची आणि मी दमल्यामुळे तिच्यासोबत अडकायचे. एकदा आम्ही दोघी एका चुकीच्या उत्तराला बराच वेळ बरोबर मानून बसलो. परीक्षेत गणितात तिला जेमतेम गुण मिळाले. हेडमिस्ट्रेस बाईंनी मला बोलावून कागद दाखवला आणि म्हणाल्या, गणित बघा. मी विचारलं, वर्ग? त्या म्हणाल्या, चौथीच, बसलीच आहे ना. त्यांच्या दृष्टीने तो प्रश्न कधीच संपला होता.

मी पायऱ्या उतरले आणि फाटकाशी उभी राहिले. आनंद झाला असेल, पण पाय इतके दुखत होते की कळलं नाही.

त्यानंतरच्या एका सोमवारी सकाळी ती अंथरुणात पालथी पडून राहिली. मी नेहमीच्या वेळेला हाक मारली, उठली नाही. जवळ गेले, कपाळाला हात लावला. गार. पोट दुखतंय का विचारलं.

"नाही."

"कुणी काही म्हणालं?"

"नाही."

"मग?"

तिने उशीतून एक डोळा उघडला. "कंटाळा आलाय. आज नको ना जायला."

डोक्यावर काळे खुंट आले होते, हाताला खरखरीत लागत होते. मी तिच्या पलंगाच्या कडेवर बसले. खाली मामींच्या रेडिओवर कुणीतरी गात होतं, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी व्हायची होती, आणि माझी गाडी अर्ध्या तासात होती. त्या दिवशी मलाही ऑफिसला जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं.

"कंटाळ्याला रजा मिळत नाही," मी म्हटलं. "उठ."

ती कुरकुरत उठली. मी डबे भरले. दोघी निघालो.